फ्लेक्सवरच्या सिस्टर

आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांइतका पत्रकांचा राग करणारं दुसरं माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचं नाही. आणि मी तर पत्रकांवरच वाढलेली. वडील जयंती मंडळाचे चिटणीस, त्यामुळे ‘बंधू-भगिनींनो’च्या पुढे उद्गारचिन्ह एक द्यायचं की तीन, यावर बाराव्या वर्षीच माझं ठाम मत होतं. पुढे परभणीच्या एका संस्थेत लागले, मानसिक आरोग्याचं काम अंगावर घेतलं, आणि गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावात पत्रकांचा गठ्ठा घेऊन उतरले. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल. पत्रकाचा मथळा होता, ‘ताण ओळखा! बोला! सावरा!’ सिस्टरांनी एक उचललं, हात लांब करून वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि समाधानाने म्हणाल्या, “मागून कोरं हाय. बरं झालं.” आठ दिवसांनी गेले तर औषधांच्या कपाटातल्या फळ्यांवर माझा मथळा अंथरलेला, खिडकीच्या फुटक्या काचेला माझा मथळा चिकटवलेला, आणि आशाताई माझ्याच मथळ्याच्या पुडीतून शेंगदाणे खात बसलेल्या. मी भडकले. म्हटलं, सिस्टर, हे लोकांनी वाचण्यासाठी छापलंय. त्या म्हणाल्या, “हे वाचून बरं झालेल्या एका माणसाचं नाव सांग. एकाच. मग मी सोता दारोदार वाटते.” मी अजून ते नाव शोधते आहे.

सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या. साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि हातात काळी छत्री. वैशाखाचं ऊन डोक्यावर आग ओकत असलं तरी ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नव्हती. तिचं काम दार वाजवायचं. “हातानं वाजवलं की लोकं वळखतात, नर्सबाई आली म्हणून, आन् आतून वरडतात, घरी कुनी न्हाई. छत्रीनं वाजवलं की वाटतं, वसुलीवाला आला का काय. उघडतात बिचारे.” रस्त्याने चालताना त्या एकट्याच मोठ्याने बोलायच्या. लोक हसायचे. मी एकदा मागून चालत गुपचूप ऐकलं, तर काय चाललं होतं? “मी म्हणंन, सून कुठाय. ती म्हणंल, निजलीय. मी म्हणंन, ह्या टायमाला? ती म्हणंल, तुमाला काय करायचंय. मग मी पानी मागंन.” पुढच्या घरात काय बोलायचं त्याची ही उजळणी. वकिलाने कोर्टात जाण्याआधी केली तर त्याला हुशारी म्हणतात, नर्सने केली तर गाव हसतं.

त्यांचं खरं हत्यार होतं बीपीचं मशीन. आमच्या भागात मन दुखत नाही. नवऱ्याने टाकलेलं असो, पोलीस भरतीचं वय निघून गेलेलं असो, की विनाअनुदानित शाळेवर पंधरा वर्षं फुकट शिकवून मास्तरचं तोंड कडू झालेलं असो, माणूस उपकेंद्रात येतो आणि म्हणतो, “सिस्टर, जरा बीपी बगा.” सिस्टर बघायच्या. दोनदा बघायच्या. पहिल्या वेळी दम द्यायच्या, “बोलायचं न्हाई, हालायचं न्हाई.” आकडा यायचा, रजिस्टरमध्ये चढायचा. मग पट्टा तसाच दंडाला ठेवून, हवा न भरता, त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणायच्या, “ते रजिस्टरचं झालं. आता मानसाचं बगू. आता बोल.” मी हरकत घेतली. म्हटलं, हवा न भरता बीपी कसं कळेल, आम्हाला प्रशिक्षणात असं शिकवलेलं नाही. त्या म्हणाल्या, “दंडाला पट्टा हाय तवर मानूस उठून जात न्हाई. एवढं शिकवलं का तुझ्या प्रशिक्षनात?” नव्हतं शिकवलं. हवेशीर हॉलमध्ये स्लाइड दाखवल्या होत्या आणि जेवणात पनीर होतं.

पट्टा बांधलेल्या माणसाची खुर्ची सिस्टरांकडे तोंड करून नसायची. दोघांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी आणि तोंडं खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे. “तोंडाकडं बगून मानूस खोटं बोलतंय. टाकीकडं बगून न्हाई बोलत.” त्या गळक्या टाकीला गावातली जेवढी दुःखं ठाऊक आहेत तेवढी गावच्या देवालासुद्धा नसतील. आणि त्यांचे प्रश्न! आमच्या फॉर्मात नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला निरुत्साही वाटले का, वगैरे. सिस्टर विचारायच्या, “भाजीत मीठ लागायलंय का?” मीठ लागेनासं झालेला माणूस त्यांच्या यादीत वरच्या नंबरावर. चाळिशीतल्या बायकांना विचारायच्या, “ह्या महिन्यात भांडन झालं का?” अगदी पाळी आली का विचारावं तशा सुरात. झालं म्हटलं तर खूश. एक बाई म्हणाली, “भांडाया तरी येळ कुटं हाय सिस्टर? सकाळी शेत, दुपारी सासू, सांजंला स्वयपाक.” सिस्टरांनी तिच्या नावापुढे फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर छत्री वाजवली. मी म्हटलं, या बाईची तर काहीच तक्रार नाही. “म्हनून तर जायलेय,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ड्युटी संपली की त्या मारुतीच्या पारावर पत्ते खेळणाऱ्या पुरुषांत जाऊन बसायच्या. बूट काढून, मांडी घालून. सुरुवातीला गावाला फार लागलं म्हणतात. एका पोक्त गृहस्थाने टोमणा मारला, “सिस्टर, हितं काय सुई टोचायला आलात का?” तर म्हणाल्या, “तुमाला न्हाई काका. तुमी टोचून टोचून दगड झालाव.” पत्ते मात्र त्या भिकार खेळायच्या. हुकूम काय आहे याकडे लक्षच नसायचं. त्या माणसं मोजत असायच्या. जो रोज येतो त्याची फिकीर नाही. जो रोज यायचा आणि चार दिवस दिसला नाही, त्याचं घर गाठायचं. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचा माणूस, ज्याच्यावर सगळं घर रेललेलं असतं, त्याची विचारपूस करायला सरकारचं एकही खातं नाही. बाळाला लस आहे, गरोदर बाईला गोळी आहे, म्हाताऱ्याला मोतीबिंदूचं शिबिर आहे. मधल्या माणसाला काय आहे? माझं पत्रक! दर आठवड्याला गुरुवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर येतात. आणि वर्षातून एकदा जनजागृती सप्ताह, त्यात शाळेच्या पोरांना उन्हात उभं करून घोषणा. मी त्या घोषणा लिहिल्या आहेत, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

तर आता त्या ड्रायव्हरचं सांगते. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. या वेळी विचारलं. तो म्हणाला, “लिवा ताई. गावाचं नाव नका टाकू, लेकराबाळांचं नका टाकू. बाकी लिवा.” सिस्टरांनाही विचारलं. त्यांचं उत्तर असं आलं, “नाव छापलंस तर छत्री हाय माज्याकडं.”

तो एका इंग्रजी शाळेची व्हॅन चालवायचा. अडतिशीचा, कमी बोलणारा, तीन गावांतली पोरं सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. पोरं त्याला काका म्हणायची. पारावर यायचा, एक डाव खेळायचा, जायचा. मग यायचा बंद झाला. सिस्टरांनी छत्री वाजवली. पहिल्या महिन्यात तो फक्त बीपी बघू द्यायचा, रजिस्टरचं. दुसऱ्या महिन्यात टाकीकडे बघत म्हणाला, झोप लागत नाही. तिसऱ्या महिन्यात म्हणाला, “सगळी लेकरं उतरून दिली ना सिस्टर, की रिकामी गाडी घेऊन घरी जावंच वाटत न्हाई. कुटंच जावं वाटत न्हाई. ऱ्हावंच वाटत न्हाई.” सिस्टरांनी त्याच्या मनगटावरचा हात काढला नाही. सरळ विचारलं, “जीव द्यायचं मनात येतंय का?” त्याने टाकीकडे बघतच होकाराची मान हलवली. त्या दिवसापासून सिस्टर त्याला रोज भेटल्या. त्याच्या बायकोला हाताशी धरलं, काय काय नजरेआड ठेवायचं ते तिला सांगितलं. पण डॉक्टरांकडे चल म्हटलं की तो पाठ फिरवायचा. “डोस्क्याच्या डॉक्टरकडं गेलो आसं कळलं तर कोन माज्या गाडीत लेकरू बसवंल?” त्याच्या डोक्यावर एकच छप्पर होतं, ती व्हॅन. ती गेली तर तो राहायचा नाही, हे सिस्टरांना कळलं होतं. चौथ्या महिन्यात तो कसाबसा हो म्हणाला. येत्या गुरुवारी जायचं ठरलं. गुपचूप. डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवू नको सांगितलं तर पाठीचं दुखणं म्हणून सुट्टी टाकायची, इथपर्यंत ठरलं. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. सिस्टर एकाचं दुसऱ्याला सांगत नसत, मला तर नाहीच नाही.

त्याच आठवड्याच्या सोमवारी मी फाट्यावर फ्लेक्स लावला.

आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही घडलेलं धरत नाहीत. पोरगं तलाठी झालं, फ्लेक्स. भावी सरपंचाचा वाढदिवस, फ्लेक्स. वर्षाचं लेकरू गॉगल घालून फ्लेक्सवर. मला वाटलं, लोक जर माणसांचे चेहरे बघूनच थांबतात, तर आपणही चेहरे लावावेत. आमच्या संस्थेच्या बीपी शिबिराचे फोटो होते. त्यातला एक मला फार आवडला होता. खुर्चीत बसलेला माणूस, दंडाला पट्टा, खिडकीतून तोंडावर आलेला उजेड, नजर लांब कुठेतरी. मी त्याला ओळखतही नव्हते. विचारलं नव्हतं. शिबिराला आला म्हणजे फोटोला तयारच, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. चष्मा वाटला की फोटो, सायकल वाटली की फोटो. दहा फुटांचा फ्लेक्स, अर्ध्या भागात तो चेहरा आणि वर लाल अक्षरात माझा मथळा : ‘मनाचा आजार लपवू नका!!!’ तीन उद्गारचिन्हं. मी फाट्यावर चहा पीत अर्धा तास त्या फ्लेक्सकडे कौतुकाने पाहिलं.

मंगळवारी सकाळी व्हॅन तिथून गेली. पोरांनी आधी फोटो पाहिला. “काका, तुमचा फोटो! काका, तुमचा फोटो!” मग त्यातल्या मोठ्या पोरांनी वरचा मथळा वाचला, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसा. इंग्रजी शाळेच्या पोरांनी सगळं मराठी अचूक वाचलं. दुपारपर्यंत तीन गावांत झालं. संध्याकाळी दोन बापांनी शाळेच्या मालकाला फोन केला. मालक म्हणाला, “दोन दिवस गाडी लावून ठेव, बगू.” तो घरी गेला, भिंतीकडे तोंड करून निजला, आणि बायकोने ताट ठेवलं तसंच उचललं.

बुधवारी दुपारी मला सिस्टरांचा फोन आला. “फाट्यावर ये. शिडी घेऊन ये.” मी गेले. तोवर मला कळलं होतं. फ्लेक्सवरचा माणूस कोण आणि त्याची गाडी का उभी आहे, तेवढं. मी शिडी टेकवली आणि म्हटलं, काढते सिस्टर, आत्ता काढते. “हात लावू नको,” त्या म्हणाल्या. “काढलास तर गाव म्हनंल, खरं होतं म्हनून काढलं.” मग त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. सकाळच्या पहिल्या एसटीने त्या गंगाखेडला गेल्या होत्या, त्याच दुकानात, आणि त्याच मापाचा फोटो छापून आणला होता. स्वतःचा. नोकरीच्या ओळखपत्रावरचा, नाकापेक्षा चष्मा मोठा दिसणारा, इतका मोठा केलेला की चेहऱ्यावर ठिपके-ठिपके उठले होते. “चिकटव,” म्हणाल्या. मी शिडीवर उभी. खाली सिस्टर छत्रीने दाखवतायत, “वर घे. डावीकडं. त्याचा कान दिसायलाय, झाक.” चहाच्या टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं कप हातात धरून उभी. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या आणि अगदी सहज, लसीचा वार सांगावा तशा म्हणाल्या, “ह्या पोरीनं फोटोची अदलाबदल केली. त्याचं नुस्तं बीपी बगितलं होतं. डोस्क्याची पेशंट मी हाय.”

मग कोपऱ्यातून एक जण हळूच म्हणाला, “तरीच.” आणि त्या एका ‘तरीच’ने बांध फुटला. तरीच उन्हात छत्री मिटून फिरती. तरीच रस्त्यानं एकटीच बडबडती. तरीच गड्यांची बुटं घालती. तरीच तासतासभर टाकीकडं बगत बसती. “आन् माज्या बायकोला इचारती भांडन झालं का! शहानी बाई इचारंल का आसं?” मी वर शिडीवर, हाताला चिकट, आणि खाली माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईचं सगळं शहाणपण एक-एक करून वेडात जमा होत होतं. मला ओरडायचं होतं. मी वरून सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

तिथून त्या थेट त्याच्या घरी गेल्या, मला मागे घेऊन. अंगणात उभं राहून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “उद्या मला गंगाखेडला जायचंय, डोस्क्याच्या डॉक्टरकडं. एकटीला भ्या वाटायलंय. तू ड्रायव्हर मानूस, संग चल.” त्याची बायको दारात, पदराचं टोक दातात धरून. सिस्टरांनी छत्रीने चौकट वाजवली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. दोन दिवसांत माणूस इतका उतरू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. सिस्टरांना म्हणाला, “तुमी कामून आसं केलाव?” सिस्टर म्हणाल्या, “साडेआठची गाडी हाय. जेवून ये.”

आणि गुरुवारी सकाळी सगळ्या गावाने पाहिलं की व्हॅनचा ड्रायव्हर बिचारा वेड्या सिस्टरांना धरून एसटीत बसवतोय. “मानूस चांगला हाय,” टपरीवाला म्हणाला. “सोताचं काम बाजूला ठेवून चाललाय बगा.” दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसले, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. मी त्या दिवशी मागच्या गाडीने गेले होते, कारण घरी बसवेना. खिडकीवर सिस्टरांनी दोन केसपेपर काढले. एक त्याचा. दुसऱ्यावर कुणाचं नाव होतं ते मी पाहिलं नाही. नंतर मी एकदा विचारलंच, सिस्टर, तुम्ही खरंच गोळ्या घेता का? त्या म्हणाल्या, “घेत आसले तर काय करशील? छापशील?”

डॉक्टरांनी सांगितलं तसं काही दिवस तो पाठीच्या नावाने घरी राहिला, मग मालकाने किल्ली परत दिली. फोटो चुकलाच होता ना. त्यानंतर दर महिन्याला एका गुरुवारी तो सिस्टरांना ‘घेऊन’ जायचा. सिस्टर जाताना मुद्दाम मोठ्याने एकट्याच हसायच्या, एखादा बूट उलटा घालायच्या, “लोकांचा इस्वास ऱ्हायला पायजे” म्हणून. एकदा तो आपणहून उपकेंद्रात आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “सिस्टर, काल भाजी खारट झाली म्हनून बायकोवर वरडलो.” सिस्टरांनी रजिस्टर मिटलं. आशाताईंना म्हणाल्या, चहा टाक, साखर जास्त घाल.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी हे लिहिलंच नसतं, कारण मला गोड लिहिता येत नाही.

पुढच्याच लसीकरणाला अर्ध्या आया आल्या नाहीत. एक जण दारापर्यंत आली आणि लेकरू छातीशी घट्ट धरून म्हणाली, “आशाताई, तुमी टोचा ना. सिस्टर नकोत.” आशाताईंना टोचता येत नाही, टोचायचा त्यांना अधिकार नाही. त्या माउलीने लेकरू तसंच परत नेलं. सिस्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. याच बाईचं बाळंतपण त्यांनी केलं होतं. बाळ निळं पडलेलं, तोंडाने फुंकर घालून त्यांनी जगवलेलं. ते हेच लेकरू. पारावर त्या गेल्या की डाव आपोआप संपायचा. मग वर अर्ज गेला, सह्यांचा. ‘सदर परिचारिका मनोरुग्ण असल्याने बालकांच्या जीवितास धोका.’ किती शुद्ध भाषा! माझ्या पत्रकांनीच शिकवली असेल. कुणी चौकशी केली नाही, कुणी गावात येऊन बघितलं नाही. प्रशासकीय कारण म्हणून बदली आली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सेलू तालुक्यात, वालूरच्या बाजूला.

मी रात्रभर बसले नाही, अर्ध्या तासात लिहिलं. ‘सिस्टरांवरील अन्याय सहन करणार नाही!’ हजार प्रती छापल्या आणि पहिली त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात लांब करून सगळी वाचली. पहिल्यांदाच मागची बाजू बघितली नाही. “चांगलं लिवतीस तू,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “हे वाटलंस तर लोकं इचारतील, सिस्टर येडी न्हाई तर फोटो कोनाचा खरा होता? काय सांगशील?” “त्याला अजून साल-दीड साल गोळी खायचीय पोरी. तवर मला येडीच ऱ्हाऊ दे. मला काय, तिकडं बी लोकंच हायेत.” हजार पत्रकांचा तो गठ्ठा माझ्या खोलीत माळ्यावर आहे. तेवढा एकच गठ्ठा मी आयुष्यात वाटला नाही.

जायच्या दिवशी रविवार होता. निरोपाला कुणी नव्हतं. आशाताई रडून-रडून घरी गेल्या होत्या. सिस्टरांचं सामान म्हणजे एक पेटी, एक गॅस, एक गादी. ड्रायव्हरने मालकाला विचारून व्हॅन आणली. गावात सांगताना म्हणाला, “परभनीच्या एसटी स्टँडवर सोडून येतो, एकटी बाई हाय.” मी मागच्या सीटवर बसले, पोरांच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. सिस्टर पुढे, त्याच्या शेजारी. गंगाखेड मागे पडलं. उसाचा हंगाम होता. रस्ताभर पाचट सांडलेलं, एकामागे एक ट्रॅक्टर. सिस्टरांनी त्याला दोन-तीन गोष्टी सांगितल्या. गोळी मनाने बंद करायची नाही. गुरुवार चुकवायचा नाही, आता सोबत बायकोला न्यायचं, तिला सगळं माहीत आहे. पुन्हा तसं वाटलं तर लाजायचं नाही, फोन करायचा, कितीही वाजलेले असोत. तो प्रत्येक गोष्टीला “व्हय” म्हणत होता. मग एका ठिकाणी त्याने समोर बघत, अगदी सहज विचारलं, “सिस्टर, तुमचं कोन बगतंय?”

सिस्टर म्हणाल्या, “म्होरं बग.”

“म्होरंच बगायलोय,” तो म्हणाला. “म्हनून तर इचारलं.”

वर्षभर मी त्या बाईशी भांडले होते. त्यांच्या पद्धतीवर भांडले, पत्रकांवर भांडले, त्यांच्या बाजूनेही भांडले. हा प्रश्न मला सुचला नव्हता. सिस्टरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. आणि मग, मान न वळवता, त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी तुटक, मग सलग. कुठलं गाव, कुणाचं काय झालं, त्या वेळी त्या किती वर्षांच्या होत्या, कुणी काय म्हटलं आणि कुणी काहीच म्हटलं नाही. ते मी इथे लिहिणार नाही.

त्याने एकदाही मधे तोंड घातलं नाही. फक्त गाडी हळू केली. मग आणखी हळू. मागून हॉर्न वाजत होते, मोटरसायकली, एसटी, शेवटी उसाने भरलेले ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून पुढे चालले होते. परभणी तशी जवळच राहिली होती. पण त्याने वेग वाढवला नाही.